हाफपँटला प्रवेश नाही

बालीतल्या इमिग्रेशन कचेरीत काय घालून येऊ नये, हे कळायला इंडोनेशियन भाषा यावी लागत नाही. दारावरच्या फलकावर चित्रं असतात: बिनबाह्यांचा बनियन, हाफपँट, अंगठ्याची स्लिपर, आणि प्रत्येकावर लाल फुली. पंचाईत एवढीच, की समुद्रकिनाऱ्यावर महिनाभर मुक्काम ठोकलेल्या पाहुण्याच्या बॅगेत नेमक्या याच तीन वस्तू असतात. पाचूच्या रंगाचं पाणी, बत्तीस अंशांचा दमट उकाडा आणि भाड्याची स्कूटर, या सगळ्यात पूर्ण लांबीची पँट आणायची आठवण कुणाला होणार?

आठवड्याभराच्या टूरवर गेलेल्या माणसाला हा फलक दिसण्याचं कारण नाही. तो दिसतो मुक्काम वाढवणाऱ्यांना आणि पासपोर्ट हरवलेल्यांना. बालीला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल हल्ली भारतीयांचा नंबर लागतो, त्यात पुण्या-मुंबईहून लॅपटॉप घेऊन तिथे जाऊन बसणारे तरुणही आलेच. तेव्हा ही कचेरी नक्की कशी चालते ते नीट पाहून घेऊ.

भारतीय पासपोर्टवर बालीत उतरताना मिळणारा 'व्हिसा ऑन अरायव्हल' ३० दिवसांचा असतो. त्याची फी ५ लाख रुपिया, म्हणजे आपले अडीच-तीन हजार रुपये. (रुपियातले आकडे ऐकून पहिल्या दिवशी छातीत धस्स होतं, दुसऱ्या दिवशी सवय होते.) हा व्हिसा एकदाच, आणखी ३० दिवसांसाठी वाढवून मिळतो, फी तेवढीच. मध्यंतरी ऑनलाइन व्हिसा घेतलेल्यांना ही मुदतवाढ घरबसल्या मिळत होती. २०२५ च्या मेअखेरीस ती सोय गेली. अर्ज आणि फी आजही ऑनलाइनच, पण त्यानंतर फोटो आणि मुलाखतीसाठी स्वतः हजर व्हावं लागतं. एजंट धरला तरी चेहरा तुमचाच लागतो. बालीत अशा तीन कचेऱ्या आहेत: दक्षिणेला जिंबारनमध्ये न्गुराह राय, देनपसारच्या रेनोन भागात दुसरी, आणि उत्तर किनाऱ्यावर सिंगाराजाला तिसरी. तुम्ही बेटाच्या कोणत्या भागात राहता त्यावर तुमची कचेरी ठरते.

मुदत संपायच्या दोन आठवडे आधी अर्ज घातलेला बरा. मुदतीनंतर राहिलात तर दंड दिवसाला १० लाख रुपिया. आणि मध्ये सुट्ट्या येतात. न्येपी या मौनाच्या सणाच्या दिवशी तर अख्खं बेट बंद, विमानतळसुद्धा. गलुंगान-कुनिंगानचे सण असतात. शुक्रवारी नमाजामुळे दुपारची सुट्टी लांबते. अशात कपड्यांपायी एक फेरी वाया गेली तर तिची किंमत पँटच्या किमतीपेक्षा जास्त पडू शकते.

आता दारावर. टोकन आतल्या माणसाकडून मिळतं, पण त्याआधी गाठ पडते ती पहारेकऱ्याशी. पायांपासून सुरुवात करू. अंगठ्याची रबरी स्लिपर सरळसरळ नामंजूर. बूट निर्धोक. मागे पट्टा असलेला सँडल बहुधा चालून जातो. कोल्हापुरी चप्पल आपल्या लेखी कितीही रुबाबदार असली तरी पहारेकऱ्याच्या लेखी ती अंगठ्याचीच चप्पल. तिची थोरवी त्याला दारात उभं राहून समजावण्यापेक्षा त्या दिवशी बूट घालावेत.

मग गुडघे. बर्म्युडा, हाफपँट, गुडघ्यावरचा स्कर्ट बाद. पोटरीपर्यंतची थ्री-फोर्थ म्हणजे समोरच्याच्या मर्जीवरचा मामला. गुडघ्यावर फाडलेली जीन्स फॅशन म्हणून हजारोंना घेतलेली असली तरी तिथे ती फाटकी जीन्सच. याउलट बाजारात मिळणारी हत्तीछाप ढगळ विजार, जी घालून आपल्याकडे कुणी दूध आणायलाही जाणार नाही, तिच्यावर हरकत घ्यायला पहारेकऱ्याला फारशी जागा नाही, कारण ती घोट्यापर्यंत जाते. साडी, सलवार-कमीज, कुर्ता-लेगिंग यांना काही अडचण नाही.

खांदे हा तिसरा मुद्दा, आणि इथे बायका जास्त अडकतात. पुरुषाचा बनियन ओळखायला सोपा. बाईचा बिनबाह्यांचा कुर्ता चांगला इस्त्रीचा, गळाबंद, गुडघ्याखाली जाणारा असला तरी नियमाच्या अक्षरात बसत नाही. अंगावर ओढणी घेतली की दार सुटतं, पण पुढे फोटो असतो, तेव्हा बाह्यांचा कपडाच बरा. टोपी, गॉगल आणि हेल्मेट आत काढायचं, हे वेगळं सांगायला नको. पण स्कूटरवरून आलेली माणसं हेल्मेट डोक्यावर विसरतात, हेही खरं.

सारोंगचं, म्हणजे तिथल्या लुंगीचं काय? बालीच्या देवळात उघड्या पायांच्या पाहुण्याला दारातच सारोंग आणि कमरेला बांधायचा पट्टा देतात, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हाफपँटवर तेच गुंडाळून कचेरीत जावं. गुडघ्यांचा प्रश्न त्यानं सुटेलही. पण वर बनियन तसाच असेल तर अर्धंच काम झालं. आणि स्थानिक माणूस सारोंग नेसतो तेव्हा वर सदरा असतो, डोक्याला उदेंग बांधलेला असतो. तो पूर्ण पोशाख असतो. पाहुण्यानं घाईत गुंडाळलेलं सारोंग आणि तो पोशाख यांतला फरक पहारेकऱ्याला लांबूनच कळतो.

हा नियम लिहिलाय कुठे? परदेशी माणसानं सरकारी कचेरीत गुडघे झाकावेत असं सांगणारं कलम इमिग्रेशनच्या कायद्यात शोधायला जाऊ नका. फलक म्हणजे त्या कचेरीची शिस्त. प्रांताच्या पातळीवर मात्र कागद आहे. पवित्र वृक्षाशी आणि आगुंग पर्वतावर पाहुण्यांनी कपडे उतरवून काढलेले फोटो गाजले, लोक भडकले, आणि २०२३ मध्ये गव्हर्नर वायान कोस्तर यांनी परदेशी पर्यटकांसाठी काय करावं, काय करू नये याचं परिपत्रक काढलं. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची सुधारित, जास्त कडक आवृत्ती आली. देवळांत, पर्यटनस्थळी आणि सार्वजनिक ठिकाणी सभ्य कपडे घाला, असं त्यात आहे. सभ्य म्हणजे किती इंच, ते मात्र नाही. ते ठरवायचं काम शेवटी दारावरच्या माणसाकडे येतं.

म्हणून पहारेकऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. 'कुठे लिहिलंय दाखव' म्हटलं तर तो फलकाकडे बोट दाखवेल. 'काल मित्राला याच पँटवर सोडलं होतंत' या युक्तिवादानं आजवर कुठल्याच देशातली कचेरी विरघळलेली नाही. आवाज चढवला की बालीत काम आणखी लांबतं; तिथे भर चारचौघांत चिडणं हेच कपड्यांपेक्षा मोठं असभ्य वर्तन समजतात. हसून मागे फिरावं, जवळच्या दुकानातून सुती विजार घ्यावी आणि परत यावं.

यातली खरी मजा काउंटरच्या पलीकडे आहे. आपण पाहुण्याच्या हाफपँटबद्दल बोलतो, पण इंडोनेशियन सरकारी नोकराच्या अंगावर काय असावं याचे नियम कितीतरी बारीक आहेत. गृहखात्याच्या नियमावलीप्रमाणे स्थानिक प्रशासनातल्या नोकरांनी सोमवार-मंगळवारी खाकी गणवेश घालायचा, बुधवारी पांढरा शर्ट, आणि गुरुवार-शुक्रवारी बातिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, किंवा हातमागाचं कापड. बालीनं आपली भर घातली. २०१८ च्या नियमानं दर गुरुवारी, शिवाय पौर्णिमेला आणि अमावास्येला, पारंपरिक बाली पोशाख ठरवला. २०२१ मध्ये मंगळवार एंदेक या स्थानिक विणकामासाठी राखला. त्यामुळे गुरुवारी देनपसारच्या प्रांतिक कचेरीत शिरलात तर फाइल काढून देणारा कारकून सारोंग आणि उदेंगमध्ये, त्याच्या शेजारची बाई कबाया या पारंपरिक ब्लाउजमध्ये. इमिग्रेशनवाले केंद्र सरकारचे, त्यांचा गणवेश वेगळा. पण ज्या देशातल्या कचेऱ्यांत कपड्यांचं असं वारांप्रमाणे वेळापत्रक आहे, तिथे समोरचा माणूस पोहायच्या चड्डीत आला तर ते त्यांना आपल्याला वाटतं त्याहून जास्त खुपतं.

आपल्यालाही हे अगदीच परकं नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना परिपत्रकानं सांगितलं, की जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर घालून कामावर येऊ नका, आणि निदान शुक्रवारी तरी खादी वापरा. तिकडे शुक्रवारी बातिक, इकडे खादी. योगायोग असा, की इंडोनेशियात राष्ट्रीय बातिक दिवस २ ऑक्टोबरला असतो. २००९ मध्ये त्या तारखेला युनेस्कोनं बातिकला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं म्हणून. गांधीजयंतीशी त्याचा संबंध नाही.

एक शंका कुणालाही येईल: एवढ्या उष्ण देशात सभ्य कपडे म्हणजे लांब पँट आणि बंद बूट हे आलं कुठून? पोर्तुगीज, डच, इंग्रज, सगळ्यांनी आपापल्या थंड देशांतला पेहराव इथे आणून बसवला हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. डचांनी तर उलटं केलं होतं. १९व्या शतकात त्यांचा नियम असा, की जावाच्या माणसानं जावाचा पोशाख करावा, चिन्यानं चिनी, युरोपीयानं युरोपीय. दुसऱ्या जमातीच्या वेषात चारचौघांत दिसणं हा गुन्हा. माणूस कोण हे लांबून कळलं पाहिजे, कारण कायदे, कर आणि मान सगळंच जमातीवर ठरलेलं. डच साहेबासमोर जावानी नोकरानं सारोंगमध्ये जमिनीवर बसायचं. १९१३ मध्ये बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) डच सरकारनं परिपत्रक काढलं, की गोऱ्या अधिकाऱ्यांनी असला मान मागू नये. तेव्हा शिकलेल्या जावानी नोकरदारांनी पँट-कोट चढवला आणि ते खुर्चीवर बसले. त्यांच्या लेखी पँट ही बरोबरीची खूण होती. स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नोही सूट आणि काळ्या पेची टोपीतच वावरत.

आपल्याकडे हाच तंटा जोड्यांवरून झाला. कचेरीत, दरबारात जाताना हिंदी माणसानं जोडे बाहेर काढावेत असा इंग्रजांचा दंडक होता. त्यांचं म्हणणं, तुमचीच रीत आहे ना, मग आमच्यासमोरही पाळा. १८६२ मध्ये सुरतेच्या कोर्टात माणेकजी कावसजी एंटी या पारशी असेसरनं, म्हणजे न्यायाधीशाच्या सल्लागारानं, जोडे काढायला नकार दिला. घरात आणि देवळात जोडे काढणं वेगळं आणि कचेरीत काढायला लावणं वेगळं, अशी त्या वादातली हिंदी बाजू होती. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच होती.

इंडोनेशियात पुढचं वळण १९७२ मध्ये आलं. जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन यांनी लांब बाह्यांचा बातिक शर्ट समारंभाला आणि कामकाजाला सूट-टायइतकाच मान्य केला. पातळ सुती कापड, बाहेर सोडलेला शर्ट, टायची भानगड नाही. फिलिपिन्समध्ये १९७५ मध्ये बारोंग तागालोगला, अननसाच्या पानांच्या धाग्यापासून विणतात त्या पारदर्शक सदऱ्याला, राष्ट्रीय पोशाखाचा दर्जा मिळाला. मलेशियातले सरकारी नोकर गुरुवारी बातिक घालतात. उष्ण देशांनी आपल्या हवेला सोसेल असा औपचारिक कपडा तयार केलेला आहे, फक्त पाहुण्यांना तो दिसत नाही. त्यांना एकीकडे सूट दिसतो आणि दुसरीकडे चड्डी.

म्हणून बालीत कचेरीचं काम निघालं तर मी अर्ध्या बाह्यांचा बातिक शर्टच सुचवीन. तो बाजारात काय आणि मॉलमध्ये काय, कुठेही मिळतो. छापील आणि स्वस्त चालतो. हातानं मेण लावून केलेला खरा बातिक महाग पडतो, आणि टोकनच्या रांगेत बसायला त्याची गरज नाही. खाली सुती किंवा लिननची सैल पँट. जाड जीन्स टाळा: स्कूटरवरून येताना सर गाठते आणि भिजलेली जीन्स संध्याकाळपर्यंत वाळत नाही. बाहेर घाम आणि आत एसीची थंडी, अशात सैल सुती कपडा दोन्हीकडे निभावतो. हाफपँटवरच यायचं असेल तर पँट बॅगेत ठेवा आणि कचेरीबाहेर चढवा. रांगेत तसे बरेच दिसतात.

फोटोची पार्श्वभूमी फिकी असते, म्हणून पांढरा शर्ट नको, कॉलर असलेला गडद रंग बरा. बिनबाह्यांच्या कपड्यात खांद्यांपर्यंतच्या फोटोत माणूस उघडाच दिसतो. हे एक कारण तरी निव्वळ व्यवहाराचं आहे. मुलाखत बहुधा छोटी असते: कुठे राहता, काय करता, परत कधी जाणार. पर्यटक म्हणून आलेला माणूस तिथे काम तर करत नाही ना, हे त्यांना पाहायचं असतं.

शेजारच्या देशांत रीत साधारण हीच. मनिलात इंट्राम्युरोसमधल्या इमिग्रेशनच्या मुख्य कचेरीत सँडो, शॉर्ट्स आणि स्लिपरला मनाई आहे. या सगळ्या प्रदेशात कपड्यांवरून सर्वांत जास्त खडाजंगी होते ती मलेशियात, आणि ती परदेश्यांमुळे नव्हे, तिथल्याच नागरिकांमुळे. २०१५ मध्ये वाहन खात्याच्या कचेरीत आलेल्या एका बाईला स्कर्ट आखूड म्हणून सारोंग गुंडाळायला लावलं, त्याचा फोटो देशभर फिरला. जानेवारी २०२३ मध्ये काजांगच्या पोलीस मुख्यालयात अपघाताची फिर्याद द्यायला आलेल्या बाईला हाफपँटमुळे दारातच अडवलं. ओरड झाल्यावर, तातडीच्या कामासाठी आलेल्याला कपड्यांवरून अडवू नये, असं वरून सांगावं लागलं. माझ्या मते फलकाच्या तळाशी हीच ओळ छापली पाहिजे. व्हिसा वाढवायला येणाऱ्याला पँट घालून ये म्हणणं रास्त आहे. गाडी ठोकून आलेल्याला तसं म्हणणं हा निव्वळ आडमुठेपणा.

नियम पहारेकऱ्याच्या हातून निघून कायद्यात गेला की काय होतं, ते पाहायला आफ्रिकेतल्या मलावीकडे पाहावं. हेस्टिंग्ज बांदा यांच्या राजवटीत १९७३ च्या कायद्यानं बायकांना पँट आणि गुडघ्यावरचे स्कर्ट बंद झाले, पुरुषांना लांब केस. परदेशी पाहुण्यांनाही सूट नव्हती. लांब केसांच्या पर्यटकांना देशात शिरण्यासाठी केस कापून घ्यावे लागत. नव्वदच्या दशकात राजवटीबरोबर तो कायदाही गेला. त्यापुढे बालीचा फलक फारच सौम्य म्हणायचा.

राहता राहिला पासपोर्ट हरवण्याचा प्रसंग. तो किनाऱ्यावर हरवतो, त्यामुळे माणूस हमखास ओल्या चड्डीत असतो. पहिला टप्पा पोलीस ठाणं, हरवल्याचा दाखला तिथे मिळतो. शक्य असेल तर आधी खोलीवर जाऊन कपडे बदला. दहा मिनिटांनी दाखल्यात काही फरक पडत नाही. दुसरा टप्पा देनपसारमधल्या भारतीय वकिलातीचा, तिथे घरी परतण्यापुरता आपत्कालीन दाखला मिळतो आणि त्यासाठी फोटो लागतात. तिसरा टप्पा पुन्हा तीच इमिग्रेशन कचेरी, कारण हरवलेल्या पासपोर्टवरच्या व्हिशाची नोंद नव्या कागदाला जोडल्याशिवाय विमानतळावरून सोडत नाहीत. पोलिसांच्या दाखल्याची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स जवळ ठेवाव्यात. पुढच्या दोन्ही ठिकाणी तो मागतात.